अमेरिकन कॉलेजांचे संघ आणि चार्टर विमानं – कोणाला मिळतात, कोणाला नाही?

पारिजातक
नमस्कार मंडळी. आम्ही बे एरियात राहतो. लेक अकरावीत आहे, व्हॉलीबॉल खेळते. काही विद्यापीठांचे प्रशिक्षक तिच्याशी बोलताहेत आणि त्यांतली एक-दोन आता बिग टेन कॉन्फरन्समध्ये आहेत. कॉन्फरन्स म्हणजे आपसांत नियमित सामने खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट. २०२४ च्या उन्हाळ्यापर्यंत यूसीएलए, यूएससी, ओरेगन आणि वॉशिंग्टन हे चौघे पॅक-१२ या पश्चिमेकडच्या कॉन्फरन्समध्ये होते. बहुतेक सामने पश्चिमेतच असायचे. आता त्यांना न्यू जर्सीतल्या रटगर्सशी आणि मेरीलँडशी कॉन्फरन्सचे सामने खेळायला जावं लागतं. लॉस एंजेलिस ते न्यू जर्सी जवळजवळ चार हजार किलोमीटर होतात. मुंबई-दुबईच्या दुप्पट, आणि घड्याळ तीन तास पुढे.

एका भेटीत मी विचारलं, एवढ्या लांब मुली कशा जातात? उत्तर मिळालं, "कधी चार्टर, कधी कमर्शियल." म्हणजे कधी संघापुरतं भाड्यानं घेतलेलं विमान, कधी नेहमीची फ्लाइट. 'कधी' म्हणजे नेमकं कधी, ते काही कळलं नाही. फुटबॉलचा (म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा, सॉकर नव्हे) संघ मात्र दर वेळी चार्टरनंच जातो.

माझं मत सांगते. चार्टर विमान ही चैन आहे असं मी मानत नाही. त्यानं विद्यार्थ्यांचे तास वाचतात. आणि तसं असेल, तर आठवड्याला दोन-दोन सामने खेळणाऱ्या मुलींना ते आधी मिळायला हवं. फुटबॉल आठवड्यातून एकदाच असतो. तुमचे अनुभव सांगा. मुलगी किंवा मुलगा कॉलेजात खेळत असेल तर जरूर लिहा.

चौकस
मला हे पटत नाही. नेहमीच्या विमानानं जायला काय हरकत आहे? लाखो लोक रोज जातात. बिग टेनचा टीव्हीचा करार सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरच्या वर आहे, तरी अनेक विद्यापीठांचे क्रीडा विभाग तोट्यात आहेत. त्यात २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर एका विद्यापीठाला खेळाडूंना थेट पैसे देता येतात; पहिल्या वर्षासाठी (२०२५-२६) ती मर्यादा २.०५ कोटी डॉलर होती. हा पैसा कुठून तरी कापला जाणारच. चार्टर सगळ्यांना द्या म्हणणं सोपं आहे. उद्या त्यासाठी टेनिसचा किंवा पोहण्याचा संघच बंद केला तर?

शिवाय एका सामन्यासाठी अख्खं विमान देश ओलांडून न्यायचं आणि रिकामं परत आणायचं, याचा पर्यावरणावरचा बोजा वेगळाच.

धावपट्टी
मी चार्टर कंपन्यांच्या ऑपरेशन्समध्ये डिस्पॅचर म्हणून, म्हणजे उड्डाणांची आखणी करणारी म्हणून, बरीच वर्षं काम केलं आहे. थोडं आतलं सांगते.

चौकस, फुटबॉलच्या बाबतीत नेहमीच्या फ्लाइटचा पर्याय खरंच नसतो. सत्तरच्या आसपास खेळाडू, वर प्रशिक्षक, ट्रेनर, डॉक्टर, व्हिडिओवाले, विद्यापीठाचे पदाधिकारी आणि देणगीदार. माणसं सव्वाशे-दीडशेच्या घरात जातात. एवढी तिकिटं एका फ्लाइटवर मिळणार कुठून? म्हणून ७३७ किंवा ए३२०, ए३२१ अशी मोठी विमानं घेतात. हेल्मेटं, पॅड आणि बाजूला उभं राहायचं बाकीचं सगळं सामान बहुतेकदा आधीच मोठ्या ट्रकनं निघालेलं असतं. संघ हवेत असतो तेव्हा ट्रक तिकडे पोचून रिकामाही झालेला असतो. बास्केटबॉलची गोष्ट निराळी. पंधरा मुलं आणि स्टाफ, म्हणून तीस ते पन्नास सीटचं जेट पुरतं.

पैसे कशाचे पडतात तेही सांगते. विमान तुमच्या गावात उभं नसतं. ते दुसरीकडून रिकामं येतं, तुम्हाला पोचवतं, कधी पुन्हा रिकामं परत जातं. ते रिकामे तास तुमच्याच बिलात लागतात. आणि शरद ऋतूत शनिवार-रविवारी सगळ्यांनाच विमान हवं असतं, कारण व्यावसायिक फुटबॉलचे संघही तेव्हाच फिरतात. जे कॉलेज आडगावात आहे त्याचं बिल आणखी चढतं.

आता वजनाचं. नेहमीच्या फ्लाइटला माणशी सरासरी वजन धरून हिशोब करतात. फुटबॉलच्या संघाला ते लावता येत नाही, तिथे खरी वजनं घ्यावी लागतात. माझ्याकडे यादी यायची, नावापुढे वजन. ऑफेन्सिव्ह लाइनची, म्हणजे पुढच्या फळीची पोरं एकेक एकशे चाळीस किलोची. ही सगळी मंडळी मागच्या रांगांत एकत्र बसायची म्हणायची, आणि आम्ही त्यांना पंखाच्या आसपास विखरून बसवायचो. विमानाचा तोल हा विषय प्रशिक्षकांच्या विनंतीवर सोडता येत नाही.

निवांत
म्हणजे तसल्या दोन पोरांच्या मधली सीट कुणाला लागते हे संघातल्या सीनिऑरिटीवर ठरत असणार.

धावपट्टी
@निवांत, विमान पुरेसं मोठं असेल तर मोठ्या पोरांच्या मधली सीट आम्ही मोकळीच ठेवायचो. नसेल तर सगळ्यात बारीक किकर तिथे!

मृद्गंध
पारिजातकताई, तुमचा मुद्दा मी जवळून पाहिला आहे. मास्टर्स करताना एका मोठ्या विद्यापीठाच्या खेळाडूंना मी स्टॅटिस्टिक्स शिकवायचे, ट्यूटर म्हणून. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही.

फुटबॉलची मुलं शुक्रवारी दुपारी निघायची. शनिवारी सामना, आणि रात्रीच विमान परत. रविवारी सकाळी आपापल्या पलंगावर. बुडला तर शुक्रवारचा एखादा तास. मुलींच्या सॉकरचं गणितच वेगळं. पहाटे चारला बस, दोन तास विमानतळ, एक फ्लाइट, शिकागोला थांबा, दुसरी फ्लाइट, पुन्हा बस. गुरुवारी संध्याकाळचा सामना म्हणून बुधवारीच निघायचं. रविवारी दुपारी दुसरा सामना, आणि परतीची फ्लाइट सोमवारी सकाळी, कारण रविवारी रात्रीची शेवटची फ्लाइट सामना संपेपर्यंत गेलेली असायची. बुधवार ते सोमवार सगळा आठवडा रस्त्यात.

एका दौऱ्यावर मी परीक्षेची पर्यवेक्षक म्हणून गेले होते. नर्सिंगची एक मुलगी हॉटेलच्या नाश्त्याच्या खोलीत फार्माकॉलॉजीचा पेपर लिहीत होती. शेजारी वॉफलचं यंत्र, दर दोन मिनिटांनी टी-टी वाजायचं आणि कुणीतरी येऊन ते उलटं फिरवायचं. गुडघ्यावर बर्फाची पिशवी बांधलेली, तिचं पाणी पोटरीवरून बुटात. ती मान वर न करता लिहीत होती. त्याच शनिवारी फुटबॉलचा संघ चार्टरनं जाऊन रात्रीतून परत आला होता. दोघांच्याही गळ्यात विद्यापीठाचं ओळखपत्र तेच.

कोल्हापुरी_गडी
मृद्गंध, अगदी डोळ्यांसमोर आलं.

आम्ही पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ कबड्डीला जायचो ते स्लीपरनं. निम्म्यांची तिकिटं कन्फर्म, निम्मे आरएसीवर. एका बर्थवर दोन रेडर आणि मधे किटबॅग. रात्रभर बसून गेलेला माणूस सकाळी मॅटवर उतरला की पायाला पाय लागत नाही. लोक म्हणतात अशा प्रवासातून संघ घडतो. संघ सरावातून घडतो. त्या प्रवासातून आमचे गुडघे आणि इंटरनल परीक्षा तेवढ्या गेल्या. त्यामुळे ताई, तुम्ही लेकीसाठी प्रवासाचं विचारताय हे एकदम बरोबर आहे. त्यात लाड कसले?

सीमोल्लंघन
थोडं अवांतर. आमचा मुलगा फुटबॉलच्या मार्चिंग बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतो. मोठ्या बोल सामन्याला (हंगामाअखेरचा खास सामना) बँडलाही चार्टर मिळालं. संघाच्या विमानात नव्हे, वेगळं. एरवी हे लोक बसनं दहा-दहा तास जातात. त्याच्या आजीला पुण्यात फोनवर सांगितलं, "नातू खास विमानानं चाललाय." ती म्हणाली, "वाजवायला? मग ढोलपथकाला पण पाठवा." आता दर फोनला विचारते, विमान आलं का रे?

निवांत
आजींना पुढच्या बोल सामन्याला बँडमध्ये घ्या.

हंटिंग्टनकर
मी मार्शल विद्यापीठात शिकलो. वेस्ट व्हर्जिनियात, हंटिंग्टन गावात. चार्टर विमान म्हटलं की आमच्या गावात आधी काय आठवतं ते लिहायला हवं.

१४ नोव्हेंबर १९७०. फुटबॉलचा संघ नॉर्थ कॅरोलायनात ईस्ट कॅरोलायनाशी सामना खेळून चार्टर केलेल्या डीसी-९ नं परत येत होता. पाऊस आणि धुकं. विमान धावपट्टीच्या अलीकडच्या टेकडीवर झाडांना धडकलं. ७५ माणसं होती, एकही वाचलं नाही. ३७ खेळाडू, बाकी प्रशिक्षक, विमानातले कर्मचारी आणि संघाबरोबर गेलेले गावातले लोक. त्यात डॉक्टर होते, व्यापारी होते, काही मुलांचे आई आणि वडील दोघेही गेले. सहा खेळाडूंची ओळख पटवता आली नाही. त्यांना स्प्रिंग हिल स्मशानभूमीत शेजारी शेजारी पुरलं आहे. विद्यापीठात एक कारंजं आहे. दर वर्षी १४ नोव्हेंबरला सगळे जमतात, नावं वाचतात आणि कारंज्याचं पाणी बंद करतात. ते वसंतापर्यंत बंदच असतं. मी पहिल्या वर्षी तिथे उभा होतो तेव्हा माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या बाई प्रत्येक नावाला ओठ हलवत होत्या. त्यांना सगळी पाठ होती.

त्याच्या सहाच आठवडे आधी, २ ऑक्टोबरला, विचिटा स्टेटचा संघ यूटाला जाताना कोलोरॅडोत पडला होता. तिथे ३१ गेले.

चार्टर हवं की नको, यावर बोलताना हेही समोर असावं.

पारिजातक
हंटिंग्टनकर, वाचून पोटात गोळा आला. पण लिहिलंत ते बरं केलंत. धावपट्टीताई, आज परिस्थिती काय आहे? हे विचारायचं तरी कुणाला?

धावपट्टी
विचारायलाच हवं. विचिटाचं प्रकरण आमच्या क्षेत्रात शिकवतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तिथे ठरलेलं विमान डीसी-६ होतं. ते उपलब्ध झालं नाही, म्हणून आयत्या वेळी दोन जुनी मार्टिन ४०४ आली. संघ दोन विमानांत विभागला. एक विमान ठरलेल्या मार्गानं गेलं आणि सुखरूप उतरलं. दुसऱ्यानं डोंगर दाखवायला म्हणून मार्ग सोडला आणि क्लिअर क्रीकच्या दरीत शिरलं. आधीच वजन जास्त, समोरचा डोंगर ओलांडण्याएवढी उंची घेता आली नाही, वळायलाही जागा नव्हती. नंतर विमान एकाचं, वैमानिक दुसऱ्याचे, मग विमान नेमकं चालवत कोण होतं आणि जबाबदारी कोणाची, यावर मोठा वाद झाला. विद्यापीठाला वाटत होतं आपण एका कंपनीशी करार केलाय.

१९७७ मध्ये इव्हान्सव्हिल विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ डीसी-३ मध्ये गेला, २९ जण. नियंत्रणाचे लॉक काढायचे राहिले होते आणि मागे सामान जास्त भरलं होतं. २००१ च्या जानेवारीत ओक्लाहोमा स्टेटच्या बास्केटबॉलचे दहा जण छोट्या विमानात गेले, बोल्डरहून परतताना. त्या विद्यापीठानं मग संघांच्या प्रवासाचं धोरण नव्यानं लिहिलं, आणि अपघातांची चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय मंडळानं इतर कॉलेजांनीही तसं करावं अशी शिफारस केली. आज बऱ्याच विद्यापीठांत कोणतं विमान चालेल, किती वैमानिक हवेत, विमा किती हवा हे लिहून ठेवलेलं असतं.

आणि नियम पाळले की काय होतं त्याचंही उदाहरण देते. मार्च २०१७, मिशिगनचा बास्केटबॉल संघ राजधानी वॉशिंग्टनला निघाला होता, बिग टेनच्या स्पर्धेसाठी. विलो रन विमानतळावर प्रचंड वारा. विमान उभं असतानाच वाऱ्यानं शेपटीकडचा एक एलेव्हेटर (विमानाचं नाक वर-खाली करणारी हलती पट्टी) अडकून बसला होता आणि तो कॉकपिटमधून कळण्याजोगा नव्हता. वेग आला, वैमानिकानं ओढलं, नाक उचलेना. ज्या वेगानंतर थांबायचं नाही असं शिकवतात तो वेग ओलांडून गेला होता, तरी त्यानं उड्डाण सोडून दिलं. विमान धावपट्टी संपवून पलीकडे गवतात गेलं. ११६ पैकी एकाचाही जीव गेला नाही. चौकशीत त्याचा निर्णय बरोबर ठरला. धावपट्टीच्या पुढे मोकळी सुरक्षित जागा वाढवलेली होती, तिचाही मोठा वाटा. दुसऱ्या दिवशी सकाळी संघ दुसऱ्या विमानानं पोचला, गणवेश अडकले म्हणून सरावाच्या जर्सीत खेळला, जिंकला, आणि पुढे ती स्पर्धाही जिंकला.

मी चार्टरच्या बाजूनं आहे. फक्त विमान कोणाचं आहे हे माहीत हवं.

कोल्हापुरी_गडी
सरावाच्या जर्सीत येऊन स्पर्धा मारली? वाघ आहेत. त्या वैमानिकाला कोल्हापुरात फेटा बांधला असता.

गार्गी_आ
आता मुलींच्या बाजूनं एक गोष्ट. व्यावसायिक महिला बास्केटबॉल लीगमध्ये, डब्ल्यूएनबीएमध्ये, २०२४ पर्यंत सगळ्या संघांना सर्रास चार्टर नव्हतं. उलट तसं करणं नियमाविरुद्ध होतं, कारण श्रीमंत मालकाच्या संघाला फायदा होईल. न्यूयॉर्क लिबर्टीच्या मालकांनी २०२१ मध्ये आपल्या खेळाडूंना चार्टरनं नेलं, तर लीगनं पाच लाख डॉलर दंड केला! म्हणजे मोठ्या कॉलेजात चार्टरनं फिरलेली मुलगी व्यावसायिक झाली की पुन्हा सुरक्षा तपासणीच्या रांगेत, सहा फूट चार इंचांचे पाय दुमडून मधल्या सीटवर. २०२४ च्या मे महिन्यात अखेर लीगनं सगळ्यांना चार्टर सुरू केलं, दोन हंगामांना पाच कोटी डॉलरचा खर्च धरून.

त्यामुळे "पैसे नाहीत" हे वाक्य मुलींच्या बाबतीत मी जरा तपासूनच घेते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नेब्रास्काच्या मुलींचा व्हॉलीबॉल सामना बघायला स्टेडियममध्ये ९२,००३ लोक आले होते. बघणारे आहेत.

चौकस
गार्गी, दंडाची गोष्ट खरोखर वाईट आहे. मृद्गंधनी लिहिलेलं वाचल्यावर हेही मान्य, की तास वाचवण्यावरचा खर्च वाया जात नाही.

पण माझा मूळ आक्षेप अजून तसाच आहे. आजार भूगोलाचा आहे. फुटबॉलच्या टीव्हीच्या पैशासाठी कॉन्फरन्स बदलली आणि व्हॉलीबॉल, सॉकर, सॉफ्टबॉल, पोहणं या सगळ्यांना मागून ओढत नेलं. स्टॅनफर्ड आणि कॅल (म्हणजे बर्कली) आता एसीसीमध्ये, म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये आहेत. नावातच अटलांटिक किनारा, आणि ही दोन्ही विद्यापीठं पॅसिफिकच्या कुशीत! यूसीएलए बिग टेनमध्ये गेली म्हणून तिनं बर्कलीला वर्षाला एक कोटी डॉलर द्यावेत असं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या (दोन्ही त्याच्याच शाखा) विश्वस्तांनी ठरवलं. यूसीएलएचे तेव्हाचे फुटबॉल प्रशिक्षक चिप केली यांनी २०२३ मध्येच सुचवलं होतं, की फुटबॉल वेगळा काढा आणि बाकीच्या खेळांना आपापल्या भागात खेळू द्या. ते झालं तर मुलींना चार्टरच लागणार नाही. लॉस एंजेलिसहून बर्कलीला तासाभराची फ्लाइट आहे.

मृद्गंध
चौकस, यावर आपलं एकमत आहे. पण ते होईपर्यंत आज खेळणाऱ्या मुलींनी काय करायचं? कॉलेजची चारच वर्षं असतात. धोरण बदलेपर्यंत पारिजातकताईंची लेक पदवी घेऊन बाहेर पडलेली असेल.

सीमोल्लंघन
टायटल नाइन कायद्याचं काय? मुला-मुलींना समान वागणूक द्यायची असते ना? मग चार्टरचा प्रश्नच मिटतो.

गार्गी_आ
एवढं सरळ नाही. १९७२ च्या त्या कायद्याखाली प्रवास आणि भत्ता या बाबी तपासल्या जातात हे खरं. पण तुलना मुलांचे सगळे खेळ आणि मुलींचे सगळे खेळ अशी एकूण होते. मुलांच्या बास्केटबॉलला चार्टर आणि मुलींच्याला नाही, तर प्रश्न लगेच अंगावर येतो, म्हणून मोठ्या कार्यक्रमांत त्या दोघांना बहुतेक सारखं मिळतं. व्हॉलीबॉलची मुलगी मात्र कोणाकडे बोट दाखवणार? पुष्कळ कॉलेजांत मुलांचा व्हॉलीबॉल संघच नाही. तेव्हा कायद्यावर विसंबून राहू नका, आधीच विचारून घ्या.

पारिजातक
सगळ्यांचे मनापासून आभार. मग भेटीत नेमकं विचारू काय?

मृद्गंध
"चार्टर देता का?" असं विचारूच नका, उत्तर हो येतं. मागच्या हंगामाचं प्रवासाचं वेळापत्रक मागा. कोणत्या दिवशी किती वाजता निघाले, किती वाजता परत वसतिगृहात पोचले, मधे किती तास बुडले. प्रशिक्षकांपेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारा. आणि लेकीला शिकायचंय त्या विषयाला लॅब असेल, तर लॅब चुकली की भरून काढता येते का, हे क्रीडा विभागाला नव्हे, त्या विषयाच्या विभागाला विचारा.

धावपट्टी
माझ्याकडून दोन. चार्टर असेल तर विमान प्रत्यक्ष चालवणारी कंपनी कोणती? दलालाचं नाव सांगतील, ते पुरेसं नाही. आणि ती मोठ्या विमान कंपन्यांच्या नियमांखाली, म्हणजे भाग १२१ खाली उडते की छोट्या विमानांच्या भाग १३५ खाली? दोन्ही कायदेशीर आहेत, पण वैमानिकांच्या विश्रांतीचे आणि प्रशिक्षणाचे नियम सारखे नाहीत. क्रीडा विभागात प्रवास बघणारी एक व्यक्ती असते, तिला हे माहीत असतं.

पारिजातक
एका विद्यापीठाकडून वेळापत्रक आलं. पूर्वेकडचे दोन सामने एकाच फेरीत जोडलेत. जाताना कमर्शियल, परतताना चार्टर. लेकीनं बाकी काही न बघता परतीची वेळच आधी शोधली. तिला सोमवारचा आठचा रसायनशास्त्राचा तास चुकवायचा नाही.

धावपट्टी
ही योजना विचार करून आखलेली दिसते. जाताना वेळ आपल्या हातात असतो. परतताना सामना पाच सेटपर्यंत लांबला की नेहमीची फ्लाइट जाते आणि मुक्काम पडतो. एकेरी चार्टरला रिकामा फेरा अंगावर पडतो, तो खर्च ते सोसताहेत, म्हणजे कुणीतरी मुलींच्या सोमवारचा विचार केलाय. कंपनीचं नाव त्यात नसेल तर तेवढं मागून घ्या.